निवडणूक प्रचारातील व्यंगचित्रांचा संग्रह

निवडणूक प्रचारातील व्यंगचित्रांचा संग्रह हा जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाचा एक प्रकार आहे. मतदानापूर्वी वाटलेली सचित्र हँडबिले, भित्तिपत्रके, बिल्ले, प्रचारपुस्तिका आणि व्यंगचित्रे असलेले नियतकालिकांचे अंक यांचा त्यात समावेश होतो. नियतकालिके ग्रंथालयांतील बांधीव खंडांत काही प्रमाणात टिकली. पत्रके मात्र मतदान होताच रद्दीत जात. त्यामुळे स्थानिक निवडणुकांचा हा दस्तऐवज बव्हंशी खासगी संग्रहांवर अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत राजकीय व्यंगचित्रांची परंपरा एकोणिसाव्या शतकातील 'हिंदी पंच'पर्यंत मागे जाते. नाव 'हिंदी' असले तरी हे पत्र गुजराती व इंग्रजीत निघे. मराठीत या कलेला व्यापक वाचकवर्ग मिळाला तो १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या बाळ ठाकरे व श्रीकांत ठाकरे यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकामुळे. १९६० च्या दशकातील निवडणुकांच्या सुमाराचे त्याचे अंक म्हणूनच संग्राहकांना विशेष महत्त्वाचे वाटतात.

या वस्तूंना 'पुरातन' म्हणण्याचा प्रघात काहीसा सैल आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार वस्तू किमान शंभर वर्षांची, तर ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज किमान पंचाहत्तर वर्षांचा असावा लागतो. पहिली सार्वत्रिक निवडणूकच १९५१-५२ मध्ये झाली.

काळ ठरवणे

हँडबिलावर मतदानाची तारीख असली, तरी वर्ष बहुधा नसते. अशा वेळी निवडणूक चिन्ह उपयोगी पडते. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपूर्वीची. इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे गाय-वासरू १९७१ व १९७७ च्या निवडणुकांतले. हाताचा पंजा त्यानंतरचा. जनसंघाचा दिवा आणि १९८० नंतरचे भाजपचे कमळ यांत गल्लत होत नाही, पण १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेनेचे उमेदवार कमळावर उभे होते, हे ठाऊक नसेल तर घोटाळा होतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-क नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. हा मजकूर तळाशी बारीक अक्षरांत असतो. फ्रेम करताना तो कापला गेला, तर चित्र उरते आणि पुरावा जातो. विखारी चित्रे असलेल्या निनावी पत्रकांवर अर्थातच तो मुळात नसतो. त्यांच्या बाबतीत ते कोठे व केव्हा हाती आले याची संग्राहकाने केलेली नोंद हाच आधार.

जुनी पत्रके खिळे जुळवून आणि चित्राचा जस्ताचा ब्लॉक बसवून छापलेली असत. दाबामुळे कागदाच्या मागील बाजूस किंचित उठाव जाणवतो. ऑफसेटवर काढलेल्या पुनर्मुद्रणात तो नसतो.

वसई-विरार परिसर

या भागातील पत्रकांचा काळ ठरवताना पत्ताच बरेच काही सांगतो. 'जि. ठाणे' असा उल्लेख सामान्यतः १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपरिषदांच्या निवडणुकांची पत्रके ३ जुलै २००९ पूर्वीची. त्या तारखेला महानगरपालिका स्थापन झाली. नालासोपारा विधानसभा मतदारसंघाचे नाव असलेले कोणतेही पत्रक २००९ च्या आधीचे असू शकत नाही.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेपूर्वी वसई हा उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघाचा भाग होता. म्हणून २००४ मधील राम नाईक विरुद्ध गोविंदा या लढतीचे प्रचारसाहित्य मुंबईचे समजून बाजूला सारणे बरोबर नाही. ते वसईचेही आहे. बहुजन विकास आघाडीची शिट्टी २०१८ च्या पालघर पोटनिवडणुकीत दिसते, तर २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तिच्या जागी रिक्षा येते. अवघ्या एका वर्षातला हा फरक पुढे नेमक्या कालनिश्चितीस उपयोगी ठरणारा आहे.

रंगवलेल्या भिंती हा या परंपरेचा सर्वांत अल्पायुषी भाग. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यानंतर त्यांवर बंधने आली. छायाचित्रांखेरीज त्या जतन करण्याचा मार्ग नव्हता.

जतन

वृत्तपत्री कागदातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. किनारपट्टीच्या दमट हवेत बुरशी, कसर आणि वाळवी यांची भर पडते. चिकटपट्टीने जोडणे टाळावे, कारण तिचा डाग निघत नाही. आम्लरहित कागदी पाकिटे व सपाट खोकी हा सुरक्षित उपाय. लॅमिनेशन हा कायमचा अपाय. संग्रह तळमजल्यावर ठेवणे या परिसरात विशेष धोक्याचे आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरारच्या सखल भागांतील अनेक घरांत पाणी शिरले होते. भिजलेली पत्रके एकमेकांपासून ओढून न काढता पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत वाळवावीत.