जिवंत काडतूस

वर्तमानपत्र उघडले की महिन्यातून एकदोनदा तरी एक ठरीव बातमी आपल्या दृष्टीस पडते. अमुक नाक्यावर सापळा रचून पोलिसांनी एका इसमास ताब्यात घेतले व त्याच्याजवळ एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे मिळाली. ही ओळ आपण इतक्या वेळा वाचतो की तीत काही विचारण्यासारखे आहे हे ध्यानातच येत नाही. काडतूस जिवंत म्हणजे काय? त्यात जीव तो कोणता, आणि तो तेथे केव्हा शिरला?

या व्याख्यानमालेसाठी हा विषय योजला तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, वसंतऋतूत मोगऱ्याचा वास सोडून हा दारूचा वास कशाला? पण पिस्तूल ही वस्तू ज्यांनी कधी हातात धरली नाही अशांच्याही आयुष्यावर तिने परिणाम केला आहे. आणि तिच्या पोटात नेमके काय चालते याविषयी आपल्यातील सुशिक्षितांचे ज्ञान बहुधा चित्रपटापुरतेच असते. म्हणून हे धाडस.

पिस्तूल व काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या बरोबर आले. माल आला, त्याच्या मागोमाग नाव आले. परंतु बंदुकीच्या भागांना मात्र आपण घरचीच नावे दिली. नळी, दस्ता, चाप, घोडा. बोटाने ओढतो तो चाप, वरून आदळतो तो घोडा. मुंबईच्या गल्लीतल्या भाषेत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणू लागले. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘फुसका बार’ही तिथलाच. सभेत वक्त्याचा बार फुसका गेला असे म्हणताना आपण नकळत ठासणीच्या बंदुकीची आठवण काढीत असतो. प्रस्तुत वक्त्याने ही म्हण जरा भीतभीतच उच्चारली आहे.

ठासणीच्या बंदुकीत बार भरणे हे हातांचे काम होते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायचे. मग नळीच्या मागच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रापाशी चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवायचे. रंजकाला विस्तव लागला की ज्वाळा छिद्रातून आत जाते व बार उडतो. हा विस्तव कोठून आणायचा, हाच पहिल्या दोनशे वर्षांचा प्रश्न. तोड्याच्या बंदुकीत सुताची संथ जळणारी वात, म्हणजे तोडा, एका वाकड्या लोखंडी चिमट्यात धरलेली असे. चाप दाबला की चिमटा खाली वाकून जळते टोक रंजकात बुडे. यंत्र साधे, टिकाऊ, गावच्या लोहारालाही उमगणारे. पण जळता तोडा अंगरख्याखाली कोण लपवील? पेटती वात घेऊन वावरणारा मनुष्य अंधारात दुरून दिसे, त्याचा वास येई. तोड्याची बंदूक फार कपटी होऊ शकत नव्हती.

सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात ती अडचण गेली. एक दातेरी पोलादी चाक किल्लीने पिळून ठेवायचे. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने ते गरकन फिरते व त्यावर टेकलेल्या लोहमाक्षिकाच्या तुकड्यातून ठिणग्या झडतात. सिगारेटच्या लायटरात अंगठ्याने आपण जे करतो तेच. आता विस्तव पिस्तुलाच्या आत, निजलेला. भरलेले शस्त्र झग्याखाली बाळगून राजवाड्यात शिरता येऊ लागले. सम्राट मॅक्सिमिलियन याने १५१७ सालच्या सुमारास आपल्या मुलखात या चाकाच्या बंदुकांना बंदी केली, ती याच भयाने. इतिहासातील शस्त्रबंदीच्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी हा एक. भय अनाठायी नव्हते. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता ऑरेंजचा विल्यम जेवण आटोपून बाहेर येत असता जेरार नावाच्या माणसाने त्याच्यावर पिस्तूल झाडले. पिस्तुलाने मारला गेलेला हा पहिला राज्यप्रमुख मानतात. त्या घराच्या भिंतीतील गोळ्यांच्या खळग्या आजही पाहावयास मिळतात.

चाकाचे यंत्र घड्याळासारखे नाजूक व महाग. ते सरदारांपाशीच राहिले. सर्वांच्या हाती गेली ती गारेची बंदूक. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तिचे रूप पक्के झाले व पुढे दोनशे वर्षे तिनेच जगातील लढाया लढल्या. तिच्यात घोड्याच्या जबड्यात गारगोटी आवळलेली असते. घोडा मागे ओढला की पोटातील स्प्रिंग ताणली जाते आणि एक छोटी खिटी खाचेत अडकून त्याला धरून ठेवते. चाप ओढणे म्हणजे ही खिटी खाचेतून सोडवणे, एवढेच. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आजच्या बहुतेक पिस्तुलांतही हाच प्रकार कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. गोळी उडवण्याची शक्ती बोटात नसते. ती आधीच ताणून ठेवलेली असते. बोट केवळ अडसर काढते. म्हणूनच घोडा चढवलेल्या पिस्तुलाचा चाप लहान मुलाच्या बोटानेही ओढला जातो. हा धोका जुन्या कारागिरांनीही ओळखला होता. घोडा अर्धवट मागे आणला असता एका खोल खाचेत अडकावा व तेथून चाप ओढूनही सुटू नये अशी योजना त्यांनी केली. आजच्या सेफ्टीची ही पणजी. खाच झिजली म्हणजे ती दगा देई.

गारेच्या बंदुकीचा दोष असा की ती वेळ लावी. गार पोलादावर आपटे, ठिणगी रंजकात पडे, रंजक भपकन पेटे, मग ज्वाळा आत जाई. पावसात तर सारेच बंद. स्कॉटलंडातील बेलहेल्व्ही गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ हे पाखरांच्या शिकारीचे शौकीन होते. त्यांची अशी तक्रार असे की रंजकाचा भपका पाहूनच पाखरे उडून जातात व गोळी मागाहून पोहोचते. त्यांनी उपाय काढला तो ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाचा, व १८०७ साली त्याचे पेटंट मिळवले. ठिणगी, गार, रंजक सारेच गेले. पुढे १८२० नंतरच्या काळात हेच रसायन तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरून छिद्राच्या निपलावर बसवू लागले. आपल्याकडे ती टोपीची बंदूक म्हणून ठाऊक आहे. पाखरांसाठी निघालेली ही युक्ती पाखरांपुरती राहिली नाही, हे सांगावयास नकोच.

तरीही एक गोष्ट उरली होती. बार उडाला की पिस्तूल लोखंडाचा दांडका होई. घोडेस्वार जिनाला दोन पिस्तुले लटकवीत, दोन्ही झाडीत, आणि मग तलवारच उपसत. चांगला शिकलेला शिपाईही ठासणीच्या बंदुकीतून मिनिटाला दोनतीनच बार काढी. त्या वीसतीस सेकंदांत समोरचा पळू शकत होता, झडप घालू शकत होता. आणि झाडणाऱ्याच्याही मनात दुसरा विचार येण्यास जागा होती.

ही फट बुजवण्याचा मोठा प्रयत्न ज्याने केला त्याचा हिंदुस्थानाशी थोडा संबंध आहे. अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट हा पोरगा १८३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बोस्टनहून कलकत्त्यास जाणाऱ्या जहाजावर चाकरीस लागला. या सफरीत त्याने फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचे सुकाणू ज्या चाकाने फिरवतात ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याची युक्ती अशी की अंगठ्याने घोडा मागे ओढला असता चक्री एक घर पुढे फिरते आणि भरलेले घर नळीच्या नेमके मागे येऊन तेथे पक्के अडकते. जुळणीत केसाएवढीही चूक चालत नाही; घर नळीसमोर बरोबर आले नाही तर गोळी कडेला घासते. १८५१ साली लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने अंगठ्याचेही काम काढून घेतले. त्याच्या रिव्हॉल्व्हरात चापाच्या एकाच लांब ओढीने चक्री फिरे, घोडा चढे व पडेही.

आता आपण १८५७ सालापाशी आलो. काडतूस हा शब्द त्या सालाला कायमचा चिकटला आहे. पण ते काडतूस म्हणजे होते काय? कागदाची पुडी. तीत मोजून दारू व गोळी. एन्फील्ड बंदुकीची नळी आतून पीळदार खाचांची असल्यामुळे गोळी घट्ट बसे व ती सुखाने उतरावी म्हणून कागदास वंगण. पुडी दातांनी तोडावी, दारू नळीत ओतावी असा कवायतीचा शिरस्ता. ते वंगण गाईचे की डुकराचे, या शंकेने जे पेटले ते आपण जाणतोच. पण इतिहासाचा योग पाहा. ज्या सालात येथे दातांनी तोडायच्या काडतुसावरून राज्य हादरले, त्याच सालात अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांचे पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आले. त्याचे काडतूस धातूचे होते व त्याला दात लावण्याचे कारणच नव्हते. हे धातूचे काडतूस म्हणजे आमच्या मते या साऱ्या इतिहासातील खरी क्रांती. पितळेची पुंगळी, बुडाशी ठोक्याने पेटणारे रसायन, मध्ये दारू, तोंडाशी गोळी. ठासणीचे सगळे हातकाम कारखान्यातच उरकून एका करंगळीएवढ्या डबीत बंद झाले. शिवाय बार होताच पितळ क्षणभर फुगून घराच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे फुटत नाही. बुडाचे रसायन शाबूत असेतो काडतूस जिवंत; घोड्याने वा पिनेने त्यावर खूण उमटवली की उरते ती रिकामी पुंगळी.

इंग्रजांनी धडा घेतला तो वेगळाच. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा झाले. युरोपियनांना मात्र सूट राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला.

शेवटची पायरी धूर गेल्यावर पडली. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून काजळी व राख होतो. त्यात नाजूक यंत्र चालणे कठीण. १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू बनवली आणि शोधक लोक धक्क्याकडे वळले. बार होताना गोळी पुढे जाते, तसा तितकाच धक्का मागे येतो. तो खांद्याने वा मनगटाने सोसण्याऐवजी कामास का लावू नये? जॉन ब्राउनिंग याने वरचे पोलाद सरकते केले. धक्क्याने ही स्लाइड मागे जाते, जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकते व घोडा चढवते; स्प्रिंग तिला पुढे लोटते, येताना ती दस्त्यातील मॅगझीनमधून नवे काडतूस उचलून नळीच्या घरात बसवते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सारे घडते. एका ओढीत दोन बार उडू नयेत म्हणून चाप व खिटी यांचा दुवा दर बारास तुटतो. बोट सैल केल्यावाचून तो पुन्हा जुळत नाही. मागे वर्णिलेल्या वीसतीस सेकंदांतले एवढेच काय ते माणसाच्या हाती उरले.

या यंत्राचे पडसाद आपल्या दारापर्यंत आले. लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले १९०९ साली मुंबईस आली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यास मारले. रंगभूमीवर ‘शारदा’ नाटक व्हावयाचे होते. १९१४ च्या जून महिन्यात साराजेव्होस ज्या शस्त्राने महायुद्धाची ठिणगी पडली तेही ब्राउनिंगचेच. आणि ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ. बिर्ला भवनाच्या प्रार्थनेच्या वाटेवर नथुराम गोडसे याच्या हातात इटालियन बेरेटा होते, अशाच स्वयंभरणाचे. तीन गोळ्या. गर्दी होती, हात धरण्यास माणसे अगदी जवळ होती. पण पहिल्या व तिसऱ्या गोळीमध्ये त्यांना पाऊल उचलण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

एक व्यवहारातली गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळांची समजूत अशी की मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले. ते खरे नव्हे. स्लाइडने आधीच उचललेले एक काडतूस नळीच्या घरात बसलेले असते, व मॅगझीन टेबलावर असले तरी पुष्कळ पिस्तुले ते एक उडवतात. घरातील अपघातांच्या बातम्यांत ‘रिकामे समजून’ हे शब्द येतात ते पुष्कळदा याच काडतुसापायी. म्हणून जाणते शिपाई शस्त्र जमा करताना नळी मोकळ्या दिशेला धरतात, आधी मॅगझीन काढतात, मगच स्लाइड मागे ओढतात. क्रम उलटा झाला तर एक काडतूस बाहेर पडते आणि दुसरे त्याच्या जागी जाऊन बसते. त्यानंतर ते नळीच्या घरात डोळ्यांनी पाहतात, आणि उजेड कमी असेल तर करंगळीही घालून पाहतात.