हंगामारंभीचे हिमस्खलन

हंगामारंभीचे हिमस्खलन म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला, डोंगरउतारांवरील बर्फाचा थर पातळ आणि विस्कळीत असताना होणारी बर्फाची घसरण होय. हिमस्खलनाला मराठीत हिमलोट असेही म्हणतात. आखलेल्या व देखरेखीखालील मार्गांबाहेर स्कीइंग (बॅककंट्री स्कीइंग) करणाऱ्यांना या काळात विशेष धोका असतो. बर्फ थोडा म्हणजे धोकाही थोडा, हा समज प्रचलित असला तरी चुकीचा आहे.

कारणमीमांसा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पहिला बर्फ सूर्याभिमुख उतारांवर बहुधा वितळून जातो. उंचावरील सावलीच्या, विशेषतः उत्तराभिमुख उतारांवर मात्र तो टिकतो. त्यानंतर निरभ्र आकाश व कडाक्याची थंडी राहिल्यास या बर्फाचे स्वरूप पालटते. जमिनीलगतचे तापमान ० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पृष्ठभाग अतिशय थंड असतो. या तफावतीमुळे खालची बाष्प वर सरकते आणि तळाशी मोठे, पैलूदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. जाड साखरेसारख्या दिसणाऱ्या या थरास डेप्थ होअर म्हणतात.

तापमानातील बदल दर मीटर जाडीमागे सुमारे १० अंशांहून अधिक असल्यास ही क्रिया वेगाने घडते. पृष्ठभागाचे तापमान उणे १० अंश असताना बर्फ ५० सेंटिमीटर जाड असेल, तर हा दर मीटरमागे २० अंश येतो; तोच बर्फ २ मीटर जाड असल्यास दर केवळ ५ अंश राहतो. म्हणजेच बर्फ जितका पातळ, तितका तो लवकर कमकुवत होतो.

अशा तळावर पुढे मोठी हिमवृष्टी झाली किंवा वाऱ्याने बर्फ आणून टाकला, की वर एकसंध पट्टा (स्लॅब) तयार होतो. स्कीपटूच्या भाराने कमकुवत थर मोडतो, भेग झपाट्याने पसरते आणि संपूर्ण पट्टा सुटून खाली येतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर असे प्रसंग सर्वाधिक घडतात. बहुतांश अपघातांत हिमस्खलन स्वतः बळी पडलेल्या व्यक्तीच्या किंवा तिच्या साथीदाराच्या भारानेच सुरू झालेले असते.

या काळातील मुख्य विसंगती अशी, की स्कीइंगयोग्य बर्फ जेथे आधी सापडतो, ते सावलीचे उंच उतार आणि वाऱ्याने भरलेल्या घळीच सर्वांत धोकादायक असतात. शिवाय खडक व झाडांचे बुंधे पुरेसे झाकलेले नसल्याने लहानशा हिमस्खलनात वाहून जाणेही प्राणघातक ठरू शकते.

हवामानाचा प्रभाव

हिमवृष्टीचा वेग, वारा आणि तापमान हे तीन घटक निर्णायक असतात. वारा डोंगरधारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूस साठवतो. त्यामुळे नवीन हिमवृष्टी न होताही धोका वाढू शकतो. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरमागे सरासरी ६.५ अंशांनी घटते. परिणामी पायथ्याशी पाऊस पडत असतानाच माथ्यावर जड बर्फ साचत असू शकतो.

गुलमर्ग

काश्मीरमधील गुलमर्ग हे भारतातील बॅककंट्री स्कीइंगचे प्रमुख ठिकाण पीर पंजाल रांगेत वसले आहे. गाव सुमारे २,६५० मीटर, तर अफरवट पर्वतावरील गोंडोलाचे वरचे स्थानक सुमारे ३,९८० मीटर उंचीवर आहे. दोहोंच्या तापमानात ८ ते ९ अंशांचा फरक असणे स्वाभाविक आहे. येथील हिमवृष्टी प्रामुख्याने पश्चिमी विक्षोभांमुळे होते. २१ डिसेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ काश्मिरात ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखला जातो.

हंगामाचा आरंभ केवळ दिनदर्शिकेवरून ठरवता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ जवळजवळ बर्फाविना होते. मोठी हिमवृष्टी त्यानंतर झाली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्यापूर्वी १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले होते, तर फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग परिसरात लष्कराच्या प्रशिक्षणार्थी तुकडीतील १७ जवानांचा अंत झाला होता.

पूर्वसूचना व दक्षता

भारतात हिमस्खलनविषयक संशोधनासाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीनीकरण झाले. युरोपात १९९३ पासून पाच पातळ्यांची समान धोकाश्रेणी वापरात आहे. तिच्या तिसऱ्या, म्हणजे ‘लक्षणीय’ पातळीलाही सौम्य मानता येत नाही. कारण या पातळीवरही एकट्या स्कीपटूच्या भाराने हिमस्खलन होऊ शकते.

नुकत्याच झालेल्या घसरणीच्या खुणा, पायाखाली फुटणाऱ्या भेगा आणि बर्फ बसताना येणारा ‘धप्प’ असा आवाज ही अस्थैर्याची प्रत्यक्ष लक्षणे होत. ती आढळल्यास ३० अंशांहून कमी तीव्र व वर तीव्र उतार नसलेल्या भागातच राहणे सुरक्षित मानले जाते. ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सिव्हर, शोधकाठी व फावडे ही साधने प्रत्येकाजवळ असावी लागतात. गाडल्या गेलेल्या व्यक्तीची जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे बाहेरून मदत येण्यापूर्वी सोबत्यांनी केलेला शोधच बहुधा निर्णायक ठरतो.