पाइप थ्रेडचा इतिहास: चंडीगडच्या मोटार मार्केटमधील एक उदाहरण

१. प्रस्तावना

चंडीगडच्या मनीमाजरा भागात मोटार मार्केट आहे. सुटे भाग, अ‍ॅक्सेसरीज, जुन्या गाड्या यांची दुकाने तेथे एकाला एक लागून आहेत. समजा, तेथे एकजण जुनी मारुती जिप्सी घेऊन आला आहे. त्याला इंजिनाच्या तेलाचा दाब दाखवणारा काट्याचा मीटर बसवायचा आहे. कारण साधे आहे. शिमल्याच्या चढावर इंजिन तापते, तेल पातळ होते आणि दाब उतरतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र दाब जवळजवळ संपल्यावरच पेटतो.

मीटर अमेरिकी मापाचा आहे. त्याच्या सेन्सरवर 'एक अष्टमांश इंच' असे लिहिले आहे. इंजिनावरचे भोकही एक अष्टमांश इंचाचेच, कारागिरांच्या भाषेत 'एक सूत'. सेन्सर हाताने दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो. पाना लावला तर आणखी थोडा जातो. तो बसला, असे वाटते. खरे तर तो बसलेला नसतो, रुतलेला असतो.

एकच नाव असलेली दोन मापे एकमेकांना का बसत नाहीत? या घटकात आपण त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधणार आहोत.

२. दोन देश, दोन कोन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टला लागत नसे. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतील बोल्ट गोळा करून, त्यांची मापे ताडून एक समान पद्धत मांडली. तिच्यात आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंशांचा होता.

अमेरिकेत १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचवला. तो घडवायला आणि तपासायला सोपा, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच शहरातील एका लोखंड कारखान्याचे अधीक्षक रॉबर्ट ब्रिग्ज यांनी नळांसाठी ६० अंशांच्या निमुळत्या आट्यांची मापे ठरवली. १८८६ मध्ये अमेरिकी उत्पादकांनी ती स्वीकारली. आजची 'एनपीटी' पद्धत तीच. ब्रिटनने १९०५ मध्ये व्हिटवर्थच्या ५५ अंशांवर आपले नळाचे प्रमाण निश्चित केले. त्यातील निमुळत्या आट्याला आज 'बीएसपीटी' म्हणतात.

दोन्हींमध्ये आटा १६ भागांत १ भाग निमुळता होत जातो. जितका आत जाईल तितका घट्ट बसतो. म्हणून नळाच्या सांध्यात आटाच गळती रोखतो. नट-बोल्टचे काम फक्त धरून ठेवण्याचे असते.

३. एक सूत, पण कुठे?

आता मापे पाहू.

एनपीटी १/८: एका इंचात २७ आटे, दोन आट्यांतील अंतर सुमारे ०.९४ मि.मी.
बीएसपीटी १/८: एका इंचात २८ आटे, अंतर सुमारे ०.९१ मि.मी.
मेट्रिक एम१०×१ (युरोपीय गाड्यांत आढळणारा): अंतर १ मि.मी.

तिन्हींचा बाहेरचा व्यास १० मि.मी.च्या आसपास असतो. एक सूत म्हणजे ३.२ मि.मी. एवढे माप मात्र यांपैकी कशाचेच नाही. ते जुन्या काळच्या नळाच्या आतल्या पोकळीचे नाव होते. नळ बदलले, नाव राहिले.

आणखी एक योगायोग लक्षात ठेवा. अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या नळांत दोन्ही पद्धतींचे एका इंचातले आटे सारखेच, म्हणजे १४ आहेत. घरातल्या नळकामात हीच मापे जास्त लागतात. त्यामुळे 'इंचाचे आटे सगळे सारखेच' असा समज सहज होतो. एक सुतावर आल्यावर तो समज महाग पडतो.

४. नट एक झाले, नळ राहिले

दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनाच एकमेकांचे नट-बोल्ट लागत नव्हते. म्हणून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा एक सामाईक आटा मान्य केला. नळांचे आटे त्या एकीकरणाबाहेर राहिले. बोल्ट बदलता येतो, पण भिंतीत गाडलेले नळ, तोट्या आणि व्हॉल्व्ह एकदम कसे बदलणार? पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ५५ अंशांचा ब्रिटिश नळ-आटाच स्वीकारला. त्यामुळे जर्मनी, जपान यांसारख्या मेट्रिक देशांतही नळाचे माप इंचाचेच राहिले. अमेरिका आपल्या एनपीटीवर कायम राहिली.

५. भारत आणि चंडीगड

१८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. अशा ब्रिटिश यंत्रांबरोबर ब्रिटिश आटेही या देशात आले. १९५६ च्या वजन-माप कायद्याने भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली. फूट, शेर, तोळे कागदोपत्री गेले. नळांसाठीच्या आयएस ५५४ या भारतीय मानकात मात्र तोच ५५ अंशांचा आटा आजही आहे.

चंडीगड याच संक्रमणकाळात उभे राहिले. ल कॉर्बुझिए यांची 'मोड्युलर' ही मापपद्धती सहा फूट उंचीच्या माणसावर बेतलेली होती. फूट आणि मीटर यांचा मेळ घालणे हा तिचा एक हेतू होता. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था १९६२ मध्ये येथे आली आणि १९६३ मध्ये स्विस साहाय्याने इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. सूक्ष्म मापनाचे शिक्षण देणाऱ्या या शहराच्या बाजारात मापांची सरमिसळ मात्र मोठी होती. जीपचा वारसा अमेरिकी, अँबॅसेडरचा ब्रिटिश. १९८३ पासून मारुतीबरोबर जपानी इंजिने आली. त्यांत तेलाच्या दाबाच्या स्विचसाठी सहसा बीएसपीटीच्या मापाचा आटा असतो. जपानी कागदपत्रांत त्याला 'पीटी' म्हणत. बाहेरून बसवायचे अनेक मीटर अमेरिकी प्रथेप्रमाणे एनपीटीचे. जिप्सीवाल्याची अडचण येथून सुरू होते.

६. कार्यशाळेत

महाराष्ट्रातून तेथे शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांनी एक शब्द लक्षात ठेवावा. आपण ज्याला 'आटे' म्हणतो, त्याला तिकडे 'चूडी' म्हणतात. 'चूडी मर गई' म्हणजे आटे गेले.

ते जाऊ नयेत म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, नाव वाचून थांबू नये. पिच गेजने आटे तपासावेत. २७ आणि २८ मधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, गेजच्या दात्यांमधून दिसणाऱ्या उजेडाने कळतो. दुसरी, इंजिनातून काढलेला मूळ स्विच हाच सर्वांत खात्रीचा नमुना. तो घेऊनच दुकानात जावे. तिसरी, मापे जुळत नसतील तर एका टोकाला बीएसपीटी आणि दुसऱ्या टोकाला एनपीटी असलेला पितळी अ‍ॅडॅप्टर वापरावा. चौथी, टेफ्लॉन टेपने चुकीचा आटा बरोबर होत नाही. उलट टेपचा तुकडा तेलाच्या मार्गात जाऊ शकतो. एका तारेचा सेन्सर आट्यांतूनच अर्थिंग घेतो. टेप जाड झाली तर मीटर खोटे आकडे दाखवतो.

जबरदस्तीने बसवलेला सेन्सर अंगणात गळत नाही. तो चढावर, दाब आणि कंप वाढल्यावर गळतो. तेल संपले की बेअरिंग काही क्षणांत घासून जातात. इंजिन वाचवायला लावलेला मीटरच मग इंजिन घालवतो. शिवाय भोकाचे आटे एकदा गेले की मूळ स्विचही तेथे घट्ट बसत नाही.

७. सारांश

प्रमाणीकरण म्हणजे फक्त तांत्रिक सोय नव्हे. कोणाचे माप कोणापर्यंत पोहोचले याची ती नोंद असते. कायद्याने वजन-मापे बदलली, पण भिंतीतल्या आणि इंजिनातल्या आट्यांनी आपला जुना इतिहास जपून ठेवला. पाना हातात घेण्याआधी तो वाचणे हे कारागिराचे काम आहे.

८. स्वाध्याय

१) १९४८ च्या एकीकरणात नळांचे आटे का आले नाहीत?
२) अर्ध्या इंचाच्या नळकामाचा अनुभव एक सुताच्या सेन्सरला का लागू पडत नाही?
३) आपल्या परिसरातील एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन तीन वेगवेगळ्या गाड्यांच्या ऑइल स्विचचे आटे पिच गेजने मोजा. त्यांवरून प्रत्येक इंजिनाचा वारसा कोणत्या देशाचा, ते लिहा.