समाशाची हाक

हातकणंगल्यास सिनेगॉग नाही. त्यामुळे बेने इस्राएल लोकांविषयी इकडच्या वाचकास असलेली माहिती बहुधा दोन शब्दांत आटोपते: शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कुलाब्याकडचे तेली म्हणून त्यांना हे नाव पडले, आणि नाव ठेवणाऱ्यांनी पुढे चौकशी केली नाही. केली असती तर एक प्रश्न खचितच पडला असता. किहीम, दिवे, नवगाव, अष्टमी, पेण अशा गावांतून ज्यांची घरे विखुरली होती, ज्यांना अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्वतःचे प्रार्थनामंदिर नव्हते, त्यांनी आपल्या पोरांना सण कोणता, जमायचे कुठे आणि कशासाठी, हे कळवले तरी कसे?

त्यांच्या सणांची जुनी नावे पाहिली की निम्मे उत्तर मिळते. खिरीचा सण, दारफळणीचा सण, अनशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. हिब्रू नावे विसरली होती, पण खीर शिजली, दारे लागली, आंबट रसाचे भांडे झाकले गेले, की पोराला दिवस कळे. सणाची जाहिरात चुलीवरूनच होत असे म्हणा ना!

पुढे मंडळी मुंबईस आली. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली तेथे पहिले सिनेगॉग बांधले. जमातीचा कारभार मुकादम, चौगुला, गबाई, हज्जान आणि समाश यांच्याकडे असे. पदे मराठमोळी आणि हिब्रू अशी एकाच ओळीत बसलेली पाहून मौज वाटते. यांतला समाश म्हणजे मंदिराचा सेवक, आणि निरोप पोहोचवणे हेही त्याचेच काम. शब्बाथाच्या दिवशी धर्माज्ञेप्रमाणे लेखणी उचलायची नसते. तेव्हा जमावापुढे जे सांगायचे ते तोंडीच सांगावे लागे. आपल्याकडे दवंडी असे, तशी ही हाक, फक्त डफावाचून.

पण हाक कानावर पडली म्हणून मुलगा येतोच असे नाही. येऊन बसला तरी समोरची हिब्रू प्रार्थना त्याला कळली पाहिजे. खरी अडचण येथे होती. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा. बेने इस्राएल लोकांनी हिब्रू तेवढी उचलली आणि धर्म आपलाच ठेवला. असा शिष्य मिळणे हे मिशनऱ्याचे दुर्दैव! वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ साली पुण्यात मोशे याकोब तळकर आणि अहरोन दानियेल तळकर यांनी सचित्र आवृत्ती काढली. तीतल्या चित्रांत बायका लुगडे नेसून सणाची तयारी करतात. ती छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. वल्हांडणाच्या विधीत घरातले सर्वांत धाकटे मूल विचारते, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मिसर देशातून सुटकेची सगळी कथा या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितली जाते. प्रश्नच ज्याला कळत नाही त्याला उत्तर सांगून काय उपयोग? तळकरांच्या पुस्तकाने तो प्रश्न मुलाच्या तोंडी त्याच्या भाषेत दिला.

यापुढची पायरी सर्वांत देखणी आहे. १८८० साली बिन्यामीन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत कीर्तन सुरू केले. ख्रिस्ती मंडळी कीर्तनातून बायबलातल्या कथा सांगत. मग आमच्या अब्राहामाची कथा आम्हीच का सांगू नये, असा हा रोखठोक विचार होता. साकी आहे, दिंडी आहे, पेटी आहे, आणि आख्यान योसेफाचे. सभेला तरुण मुले नाके मुरडतात. कीर्तनाला आईचे बोट धरून आलेले पोर शेवटपर्यंत बसते. पदांच्या लहानशा पुस्तिका छापल्या गेल्या आणि घरोघरच्या वह्यांत उतरल्या. जमवणे आणि शिकवणे अशी दोन्ही कामे एकाच बैठकीत होऊ लागली.

शाळा त्याआधीची. हाईम समुएल किहीमकरांनी १८७५ साली काढलेली इस्राएली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रुबेन १९२२ पासून तिच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यापूर्वी त्यांनी समाजासाठी वार्षिक अंकाचे संपादनही केले. स्त्री मंडळ १९१३ चे. १९१७ च्या सुमारास तर परिषद आणि लीग अशा दोन संस्था उभ्या ठाकल्या. एकीकडे औंध संस्थानचे कारभारी जेकब बापूजी इस्राएल, दुसरीकडे एरुळकर बंधू, आणि मध्ये समाजाने राजकारणात वेगळी चूल मांडावी काय हा वाद. 'द इस्राएलाइट' हे इंग्रजी-मराठी पत्र याच वेळचे. एवढ्याशा समाजात दोन तट पडले हे अनेकांना खटकले. मला ते जिवंतपणाचे लक्षण वाटते. वादाला तरी श्रोते लागतातच.

श्रोते मात्र पुढे ओसरले. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थानात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. त्यानंतर बहुतेक घरे इस्राएलास गेली आणि अलिबागच्या इस्राएल आळीतली दारे एकेक करून बंद झाली. ही दारफळणी सणाची नव्हती. तिकडे गेल्यावरही १९६४ पर्यंत विवाहाच्या बाबतीत तेथील धर्माधिकारी त्यांच्या यहुदीपणावर शंका घेत राहिले. शनवार तेली म्हणून इकडे वेगळे, हिंदी म्हणून तिकडे वेगळे!

मुंबईत उरलेल्या थोड्या मुलांसाठी आज 'ज्यूइश यूथ पायोनियर्स' हा गट आहे, आणि एकत्र जमण्याचे बोलावणे आता समाशाच्या पायांवर अवलंबून नाही. इस्राएलात 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. तेथे जन्मलेल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, तरी तिथल्या काही वृद्ध बायका जुन्या कीर्तनांतली पदे म्हणतात. वही उघडी असते आणि चाल कोकणातली असते.