लष्करात अधिकारी व्हायचंय? कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एनसीसीत नाव घाला. ‘सी’ सर्टिफिकेटवाल्यांना लेखी परीक्षा माफ, वाचा सविस्तर

तालुका प्रतिनिधी | आपल्या तालुक्यात पहाटे कोणत्याही डांबरी रस्त्याला गेलं तर पोरं पळताना दिसतात. विचारलं तर एकच उत्तर, ‘भरतीची तयारी’. भरती म्हणजे अग्निवीर किंवा पोलीस. पण ह्याच पोरापोरींतले कितीतरी जण कॉलेजात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला आहेत. पदवीवर थेट लेफ्टनंट होता येतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. कळतं तेव्हा शेवटचं वर्ष चालू असतं आणि एक सोपी वाट हातची गेलेली असते. सध्या प्रवेशाचे दिवस आहेत, म्हणून ही माहिती.

शिपाई आणि अधिकारी, फरक काय?
अग्निवीराची नेमणूक ४ वर्षांची असते. त्यानंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केलं जातं. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर गेलेल्या अधिकाऱ्याची नोकरी १० वर्षांची, ती आणखी ४ वर्षं वाढू शकते. काहींना कायम कमिशनही मिळतं. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० रुपये सैन्य सेवा वेतन आणि भत्ते वेगळे.
उंचीचाही गैरसमज आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना जनरल ड्युटी शिपाई भरतीला १६८ सेंटीमीटर उंची लागते. अधिकाऱ्यासाठी मुलांची अट १५७ सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणजे उंचीमुळे भरतीतून परत आलेला पदवीधर अधिकारी होऊ शकतो.

सैन्यशास्त्र विषय वेगळा, एनसीसी वेगळी
काही कॉलेजात संरक्षणशास्त्र किंवा सैन्यशास्त्र हा विषय असतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात तर संरक्षण व सामरिक शास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे. युद्धाचा इतिहास, सीमा, परराष्ट्र धोरण त्यात शिकवतात. विषय चांगला आहे, मुलाखतीत सामान्यज्ञानाला उपयोगी पडतो. पण तो घेतला म्हणून निवडीत वेगळे गुण मिळत नाहीत आणि घेतला नाही म्हणून काही अडतही नाही. भूदलाच्या ह्या वाटेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. निवडीत खरा फायदा देतं ते एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट.

एनसीसीचं गणित समजून घ्या
राष्ट्रीय छात्र सेना १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. कॉलेजच्या पोरांसाठी सीनिअर डिव्हिजन, मुलींसाठी सीनिअर विंग. भाग घेणं ऐच्छिक आहे, नाव घातलं म्हणून सैन्यात जावंच लागतं असं नाही.
• दोन वर्षं पूर्ण केल्यावर ‘बी’ सर्टिफिकेटची परीक्षा, तिसऱ्या वर्षी ‘सी’ची.
• परेडला ७५ टक्के हजेरी आणि ठरलेली शिबिरं केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.
आता हिशोब करा. पदवी ३ वर्षांची आणि ‘सी’लाही ३ वर्षं. दुसऱ्या वर्षाला नाव घातलं तर पदवी संपेपर्यंत ‘बी’वरच थांबावं लागतं. म्हणून प्रवेशाची पावती घेतली की त्याच आठवड्यात एनसीसी बघणाऱ्या सरांना भेटा. जागा मोजक्या असतात, धावणं आणि मोजमाप घेऊन निवड होते. काही ज्युनिअर कॉलेजांत ११ वीलाच सीनिअर डिव्हिजन आहे, तिथं आधीच सुरुवात करता येते.

वाट पहिली : एनसीसी स्पेशल एंट्री
ह्यात लेखी परीक्षाच नाही. अर्ज केला आणि छाननीत बसला की थेट एसएसबी मुलाखत. अटी अशा :
• वय १९ ते २५, अविवाहित.
• पदवीला किमान ५० टक्के. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.
• ‘सी’ सर्टिफिकेट, त्यात किमान ‘बी’ ग्रेड. इथं घोळ होतो. ‘बी’ सर्टिफिकेट वेगळं आणि ‘सी’ सर्टिफिकेटमधली ‘बी’ ग्रेड वेगळी.
जाहिरात वर्षातून दोनदा येते, अर्ज भूदलाच्या ‘जॉइन इंडियन आर्मी’ ह्या संकेतस्थळावर. मुलं-मुली दोघांनाही संधी आहे. अर्ज जास्त आले की गुणांवरून छाटणी होते, म्हणून ५० टक्क्यांवर समाधान मानू नका.

वाट दुसरी : सीडीएस परीक्षा
एनसीसी नसली तरी ही वाट उघडी आहे. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी इंग्रजी आणि सामान्यज्ञान असे दोनच पेपर, गणित नाही. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीसाठी गणिताचाही पेपर असतो. फी २०० रुपये. मुली आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना तीही माफ. डेहराडूनच्या काही जागा ‘सी’ सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखीव असतात, म्हणजे इथंही एनसीसी कामाला येते.

एसएसबीत काय बघतात?
ही मुलाखत ५ दिवसांची. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र बघून गोष्ट लिहिणं. त्यातच बरेच जण परत पाठवले जातात. पुढं मानसशास्त्राच्या चाचण्या. त्यात ६० शब्द दाखवतात आणि प्रत्येक शब्दावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं. मग मैदानावर गटाने अडथळे पार करणं, चर्चा आणि समोरासमोर मुलाखत. पाठांतर इथं चालत नाही. घरची जबाबदारी घेतलेलं, चार माणसांना घेऊन काम केलेलं पोरगं इथं कमी पडत नाही. अडतं ते बोलण्यात. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचा आणि ती आपल्या शब्दांत सांगायची सवय लावा.
नंतर वैद्यकीय तपासणी असते. डोळे, कान, दात आधीच दाखवून घ्या. अंगावर टॅटू काढण्याच्या फंदात पडू नका.

फुकट तयारी नाशिकला
खासगी अकादमीची फी भरायला कोणी वावर गहाण टाकण्याआधी हे वाचावं. नाशिक रोडला राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं सीडीएस आणि एसएसबीची तयारी करून घेतात. राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. एसएसबीच्या वर्गासाठी सीडीएस उत्तीर्ण असणं किंवा ‘सी’ सर्टिफिकेट ‘ए’ वा ‘बी’ ग्रेडमध्ये असून एनसीसी ग्रुप मुख्यालयाची शिफारस असणं, अशा पात्रता चालतात. प्रवेशासाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत होते. तिथं जाऊन पुढच्या वर्गाची तारीख विचारा.

निवड झाल्यावर
शॉर्ट सर्व्हिसचं प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं. ह्या काळात महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं, प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. मात्र मधेच स्वतःहून सोडलं तर झालेला खर्च वसूल केला जातो. पूर्ण केलं की खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे लागतात.

पालकांसाठी एक सूचना : ‘साहेबांची ओळख आहे, निवड करून देतो’ म्हणून पैसे मागणारा माणूस फसवणाराच समजा. एसएसबीत वेगवेगळे अधिकारी तपासतात आणि शेवटी सगळे मिळून निर्णय देतात. वशिल्याला तिथं जागा नाही.

नियम आणि तारखा दर जाहिरातीला थोड्या बदलतात, अर्ज भरण्याआधी चालू जाहिरात पूर्ण वाचावी. आपल्या गावात यंदा कोणी पहिल्या वर्षाला प्रवेश घेत असेल, तर ही माहिती त्याला आजच पाठवा. दुसऱ्या वर्षी पाठवून उपयोग अर्धाच राहतो.