उंबऱ्यापाशी बसलेला माणूस

बिलोली हे नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरचे तालुक्याचे गाव. मांजरा या मुलखातून वाहत जाऊन गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगण सुरू होते. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात एकाच दुकानासमोर ऐकू येतात. अशा भागात ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. म्हणून मिस्सा पुष्कळदा एखाद्याच्या ओसरीवरच होते. अशाच एका मिस्सेला आम्ही हजर होतो. घरच्या थोरल्या मुलाने सकाळपासून सतरंज्या अंथरल्या, शेजाऱ्याकडून टेबल आणले, फादरांना बसस्थानकावरून मोटारसायकलीवर आणले. मिस्सा सुरू झाली, तेव्हा तो आत आला नाही, उंबऱ्यापाशी बसला. सगळे उभे राहिले की तो उभा राही. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मात्र जागेवरून हलला नाही. आपला विश्वास आता उरलेला नाही, हे त्याने आईला दोन वर्षांपूर्वीच सांगून टाकले होते.

मिस्सेनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, “विश्वास नाही तर बसावं कशाला? याला ढोंग नाही तर काय म्हणावं?” आईच्या कानावर ते गेले असावे. ती चहाचे कप गोळा करीत म्हणाली, “लेकरू संगं बसलं, तेवढं मला पुरे.”

त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. पुढे मात्र हा प्रश्न मनातून जाईना. एके काळी ख्रिस्ती असलेल्या, पण आता विश्वास न उरलेल्या माणसाने आपल्या माणसांसाठी मिस्सेला येऊन बसावे का, आणि आपण त्याच्याकडे कसे पाहावे? हा प्रश्न नवा वाटतो. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासात तो फार जुना आहे.

‘मिस्सा’ हा आपण नित्य उच्चारतो तो शब्दच पाहा. पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिन असून त्याचा संबंध निरोप देण्याशी आहे. प्राचीन काळी उपासनेचे दोन भाग असत. शास्त्रवाचन आणि प्रवचन झाले की, ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा होता त्यांना निरोप दिला जाई. उरलेला विधी फक्त दीक्षितांसाठी असे. म्हणजे दारापाशी बसून ऐकणारा, पण प्रसादाला न येणारा माणूस ख्रिस्तसभेला पहिल्या शतकांपासूनच परिचित आहे.

एवढेच नव्हे, तर छळाच्या काळात विश्वास टाकून दिलेल्यांचीही एक जागा ठरलेली होती. इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या नायसियाच्या विश्वसभेने आपल्या अकराव्या नियमात यासंबंधी निर्णय दिला आहे. जिवावर बेतलेले नसतानाही ज्यांनी धर्मत्याग केला आणि ज्यांना पुढे खरा पश्चात्ताप झाला, त्यांनी तीन वर्षे ‘ऐकणाऱ्यां’मध्ये राहावे, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांमध्ये काढावीत, आणि आणखी दोन वर्षे लोकांबरोबर प्रार्थना करावी, पण प्रसाद घेऊ नये, असा तो नियम आहे. बारा वर्षांची ही शिस्त आज कठोर वाटते. आमच्या ओसरीवरच्या तरुणाला ती जशीच्या तशी लागूही पडत नाही, कारण तो पश्चात्ताप करीत नव्हता. तरीही एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. विश्वास टाकलेल्यासाठी दार लावून घ्यावे असे त्या धर्माचार्यांना वाटले नाही. त्यांनी त्याला दाराजवळ जागा दिली.

संत ऑगस्टिन यांची कथा आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. परंतु आपण ती बहुधा शेवटाकडून वाचतो. मधला भाग पाहिला पाहिजे. तरुण ऑगस्टिन मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात गेला, तेव्हा संत मोनिकांनी प्रथम त्याला घरात आणि आपल्या पंक्तीला घेण्याचे नाकारले. पुढे त्यांना एक स्वप्न पडले आणि त्यांनी मुलाला पुन्हा पानावर बसवले. मुलाशी वाद घालावा अशी गळ त्यांनी एका बिशपांना घातली, तेव्हा त्या बिशपांनी ती मानली नाही. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढले होते. मुलाला आहे तसा राहू द्यावा, वाचता वाचता त्याची चूक त्यालाच कळेल आणि आईने प्रार्थना करीत राहावे, असा त्यांचा सल्ला होता. इ. स. ३८४ मध्ये ऑगस्टिन वक्तृत्वाचा शिक्षक म्हणून मिलानला आला आणि संत ॲम्ब्रोझ यांच्या प्रवचनांना जाऊन बसू लागला. तो श्रद्धेने जात नव्हता. हा बिशप बोलतो कसा, हे ऐकण्यासाठी जात होता. इ. स. ३८७ च्या पास्काच्या रात्री त्याच ॲम्ब्रोझ यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. मधल्या काळात कोणी त्याला ‘विश्वास नाही तर बसतोस कशाला?’ असे विचारून उठवले असते, तर काय झाले असते, हे सांगता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही अशी माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे आंग्लिकन पंथात झाला. लहानगी मनोरमाही तेव्हा दीक्षित झाली. रमाबाई ज्या भगिनींच्या आश्रयाला राहत होत्या, त्यांच्या उपासनेत त्या सहभागी होत. पण त्रैक्याचा सिद्धान्त आणि ख्रिस्ताचा कुमारीपासून जन्म यांविषयी त्यांच्या मनाला पटेना, आणि हे त्यांनी लपवले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा या विषयावर दीर्घ पत्रव्यवहार झाला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे तसेच जोखड मानेवर घ्यायचे नाही, असा त्यांचा पवित्रा होता. सिस्टरांना यात गर्व दिसला. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र या शंका शांतपणे ऐकून घेतल्या आणि आज्ञेपेक्षा संवादावर भर दिला. रमाबाईंची श्रद्धा नष्ट झाली नव्हती. त्यांच्या शंका निराळ्या पातळीवरच्या होत्या. परंतु सगळ्यांबरोबर गुडघे टेकायचे आणि जे पटले नाही ते पटले असे म्हणायचे नाही, ही अवघड वाट त्या चालल्या. पुढे केडगावला मुक्तिसदन उभारणाऱ्या रमाबाई याच होत.

टिळक दांपत्याची गोष्ट उलट बाजूने बोलते. नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळून. ख्रिस्ती वस्तीत, ख्रिस्ती पतीच्या घरात, वेगळ्या चुलीवर त्या राहिल्या. आधी जातिभेद मनातून गेला. नंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरातल्या एकाची श्रद्धा एकीकडे व दुसऱ्याची दुसरीकडे असताना संसार कसा चालतो, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. संत पौल यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हेच सांगितले आहे: विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र नांदायला राजी असेल, तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये.

मात्र या कथांचा एक धोका आहे. ऑगस्टिन परतला, लक्ष्मीबाई आल्या, म्हणून आपला मुलगाही एक दिवस परत येईल, या भरवशावरच आपण त्याच्याशी गोड वागलो, तर ते प्रेम नव्हे, गळाला लावलेले आमिष होय. सगळेच परत येत नाहीत. चार्ल्स डार्विन यांचे उदाहरण घ्या. त्यांची पत्नी एमा अत्यंत श्रद्धाळू. १८५१ साली त्यांची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली आणि डार्विन यांचा उरलासुरला ख्रिस्ती विश्वासही संपला. रविवारी कुटुंबाला देवळापर्यंत सोबत करावी आणि उपासना चालू असेतो स्वतः बाहेर फिरून यावे, असा त्यांचा शिरस्ता असल्याचे सांगतात. तरीही डाउन गावचे धर्मगुरू इन्स यांच्याशी त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली, आणि गोरगरिबांना कोळसा व कपडे पुरवणाऱ्या गावच्या मंडळाचा हिशेब त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. डार्विन १८८२ साली वारले. ते परत आले नाहीत. पण एमा यांचा संसार मोडला नाही, आणि इन्स यांचे पौरोहित्यही काही उणे झाले नाही.

आता पुन्हा मराठवाड्याकडे येऊ. कारण येथे या प्रश्नाला एक वेगळीच गाठ बसली आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, आणि याच प्रश्नाच्या विचारासाठी २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमण्यात आला. दरम्यान, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे सोयरे बौद्ध झाले. त्यामुळे एकाच भावकीत एक घर चर्चला, दुसरे विहारात आणि तिसऱ्याच्या दाखल्यावर हिंदू जात, असे चित्र येथे नवे नाही.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात निकाल दिला. तिचा लहानपणी बाप्तिस्मा झाला होता आणि ती नियमाने चर्चला जात होती. ती ख्रिस्ती आहे असे ठरवून न्यायालयाने तिला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. अंतःकरणात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलणे ही संविधानाची फसवणूक होय, असे न्यायालयाने म्हटले. निकालाच्या कायदेशीर बाजूत आम्ही शिरत नाही. परंतु धर्मग्राम म्हणून आपण त्यातून एक गोष्ट ओळखली पाहिजे. चर्चमध्ये बसणे ही आता केवळ भक्तीची बाब राहिलेली नाही. कोणी तिचा पुरावाही करू शकतो. आपल्यात असा मनुष्य आहे की ज्याच्या कागदावर ख्रिस्त नाही, पण अंतरात आहे; तो लोकलाजेने आणि पोटाच्या भीतीने मिस्सेला येत नाही. आणि असाही आहे की ज्याच्या अंतरात ख्रिस्त उरलेला नाही, पण आईसाठी तो दर नाताळला येऊन बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला पहिला अविश्वासी दिसतो आणि दुसरा भक्त. न्यायालयाला पुराव्यावरच चालावे लागते. आपल्याला तसे बंधन नाही. म्हणून हजेरीवरून माणसाचे अंतःकरण वाचण्याचा अधिकार आपण तरी घेऊ नये.

मग ढोंग कशाला म्हणायचे? आमच्या मते, जो नाही त्या विश्वासाचा आव आणणे म्हणजे ढोंग. तो तरुण रांगेत उभा राहून प्रसाद घेता, तर त्या गृहस्थांचा शब्द खरा ठरता. धर्मविधीचा मान राखूनच तो जागेवर थांबला. १२१५ च्या लॅटरन विश्वसभेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे व पास्काच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा असा दंडक घालून दिला, आणि गावोगाव कोण उठला नाही हे मोजण्याची सवय लागली. ही सवय आपल्यात अजून आहे. ती सुटली पाहिजे. १९८३ च्या धर्मसंहितेत, सदसद्विवेकाविरुद्ध कोणालाही श्रद्धा स्वीकारायला भाग पाडू नये असा स्पष्ट नियम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला, त्यात तर याहून पुढचे पाऊल आहे: लोक निरीश्वरवादाकडे वळतात त्यात विश्वासणाऱ्यांचाही वाटा असू शकतो, आपल्या वागण्याने आपण देवाचे मुख दाखवण्याऐवजी झाकत असतो. म्हणून उंबऱ्यापाशी बसलेल्याला प्रश्न विचारण्याआधी आतल्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते. तो उंबऱ्यापर्यंत गेला, त्यात आमचे काही चुकले का?

त्याच्याही काही जबाबदाऱ्या आहेत. आईच्या जपमाळेची थट्टा करू नये. विचारले तर खरे सांगावे. आणि येणे जड होऊ लागले, तर न येण्याचेही स्वातंत्र्य त्याला आहे. आईने त्याच्या येण्यावरून त्याची माया तोलू नये. हे तिला कठीण आहे, आम्ही जाणतो. ज्या विश्वासावर ती विधवापणाची वर्षे निभावून आली, तोच मुलाला नको झाला, हे दुःख प्रवचनाने जाणारे नव्हे.

त्या दिवशी निघताना फादर त्या तरुणाजवळ थांबले. त्यांनी त्याला विश्वासाविषयी काही विचारले नाही. सतरंजीची घडी घालायला दुसऱ्या बाजूने हात लावला. ती उचलून दोघे आत गेले. त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर आम्हांला तेव्हा सुचले नव्हते. ते आज येथे लिहिले आहे.