तळटीप १४ : ‘सेनापतीची आज्ञा’
१४. लेखक जिला ‘ढोलांची सलामी’ म्हणतो ती ‘च्यांगच्युन लिंग’, म्हणजे ‘सेनापतीची आज्ञा’, ही पारंपरिक चिनी वाद्यधून. वोंग फेइ-हुंग हे ग्वांगडोंग प्रांतातले वैद्य व कुंगफूचे गुरू. हाँगकाँगमध्ये १९४९ पासून क्वान ताक-हिंग यांनी त्यांची भूमिका अनेक चित्रपटांत केली. तेव्हापासून ही धून त्या नावाला चिकटली. युएन वू-पिंग यांच्या ‘ड्रंकन मास्टर’मध्ये (१९७८) जॅकी चॅनचा वोंग उनाड, मार खाणारा पोरगा आहे. तरी धून वाजताच जाणत्या प्रेक्षकाला त्याच्यात उद्याचा गुरू दिसतो. विनोदाची खरी गोडी तिथेच आहे. १९९१ मध्ये जेम्स वोंग यांनी याच सुरावटीला शब्द देऊन ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’चे गीत केले.